बँड परत येतो, तेव्हा तिकीट कशाचं काढायचं?

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. विषय वरवर गाण्याचा आहे, पण खिशाचा आणि कायद्याचाही आहे. त्यामुळे ज्यांना इंग्रजी बँड वगैरेंशी काही देणंघेणं नाही, त्यांनीही शेवटपर्यंत यावं.

२७ ऑगस्ट २०२४ ला ओएसिसने जाहीर केलं की आम्ही परत येतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नोएल आणि लियम गॅलघर, मँचेस्टरचे सख्खे भाऊ. थोरला गाणी लिहिणार, धाकटा गाणार. २००९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या एका कार्यक्रमाआधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, कार्यक्रम रद्द झाला आणि त्याच रात्री थोरल्याने बँड सोडला. पुढची पंधरा वर्षं दोघं एकमेकांना मुलाखतींतून आणि ट्विटरवरून टोमणे मारत राहिले. आपल्याकडे बांधावरून भावाभावांचं बोलणं बंद होतं ना, त्यातलाच प्रकार, फक्त सगळ्या जगासमोर. म्हणून ते एकत्र येणार म्हटल्यावर माझ्या वयाच्या लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप दिवसभर वाजत होते. बीपीची गोळी सुरू झालेली माणसं हॉस्टेलवर असल्यासारखी बोलायला लागली.

मीही त्यातलाच. १९९६ च्या सुमारास पुण्यात शिकत असताना आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून त्यांची दुसऱ्या अल्बमची कॅसेट घेतली होती. इंग्रजी कॅसेट म्हणजे तेव्हा महिन्याचं बजेट कोलमडवणारी खरेदी. एकाने मूळ कॅसेट ठेवायची, बाकीच्यांनी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, असा करार. रिबन अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची. मँचेस्टरचे उच्चार, त्यामुळे निम्मे शब्द कळायचे नाहीत. पण एक गोष्ट नीट कळायची: ही पोरं आपल्यासारखीच आहेत. आईने एकटीने वाढवलेली, सरकारी घरात राहिलेली. थोरला दुसऱ्या बँडची वाद्यं उचलायचं काम करायचा. पैसा नाही, ओळख नाही, शिक्षण यथातथाच, आणि तरी छाती पुढे काढून गाणारी. वीस वर्षांच्या, खिशात एसटीपुरते पैसे असलेल्या मुलाला हे फार भिडायचं.

आता त्याच बँडच्या तिकिटाची गोष्ट ऐका.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये ओएसिसने नेबवर्थला दोन रात्री कार्यक्रम केला. दोन्ही दिवस मिळून अडीच लाख माणसं. तिकीट होतं साडेबावीस पौंड. महागाई धरून आज ते अडीचपट केलं, तरी साठ पौंडांच्या आतच राहतं. ३१ ऑगस्ट २०२४ ला परतीच्या दौऱ्याची तिकिटं विक्रीला आली. उभं राहून पाहायच्या तिकिटाचा भाव साधारण १५० पौंड सांगितला होता, म्हणजे आपले सोळा-सतरा हजार रुपये. लोक सकाळपासून ऑनलाइन रांगेत. तासन्‌तास थांबून नंबर लागला, तेव्हा अनेकांना पडद्यावर दिसलं ३५५ पौंड. जवळपास एकोणचाळीस हजार रुपये. जागा तीच, उभंच राहायचं. आणि निर्णय घ्यायला हातात काही मिनिटं.

इतका आरडाओरडा झाला की ब्रिटनच्या बाजार नियामक संस्थेने, सीएमएने, आठवड्याभरात टिकेटमास्टर या विक्रेत्या कंपनीची चौकशी सुरू केली. बँडने निवेदन काढलं की तिकिटांचे आणि दरांचे निर्णय आम्ही प्रमोटर आणि मॅनेजमेंटवर सोडतो, असे दर लागणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं. यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पुढे अमेरिकेतल्या कार्यक्रमांना मात्र त्यांनी ही पद्धत लावली नाही. म्हणजे ठरवलं तर नाही म्हणता येतं, एवढं नक्की.

चौकशीतून जे बाहेर आलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळे 'डायनॅमिक प्रायसिंग'च्या नावाने शिव्या घालत होते. म्हणजे विमानाच्या तिकिटासारखं, गर्दी वाढली की कॉम्प्युटर आपोआप भाव चढवतो, असा समज. सीएमएने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की तसा पुरावा सापडला नाही. झालं होतं ते याहून साधं. उभ्या तिकिटांचे दोन दर आधीच ठरलेले होते. स्वस्त तिकिटं आधी सोडली, ती संपली की महाग. रांगेतल्या माणसाला हे सांगितलंच नाही. शिवाय काही तिकिटं 'प्लॅटिनम' नावाने जवळपास अडीचपट भावाने विकली आणि त्यात जास्तीचं काहीच दिलं नाही, असाही ठपका होता. थोडक्यात, यात हुशार यंत्र वगैरे काही नव्हतं. आपल्या भाजीवाल्यानेही कधी केली नसती अशी गोष्ट होती: पाटीवर एक भाव, पिशवीत माल भरताना दुसरा. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने सीएमएला लेखी हमी दिली की यापुढे असे टप्प्याटप्प्याचे दर असतील तर चोवीस तास आधी सांगू.

इथे कोणीतरी म्हणणारच, आणि मुद्दा चूक नाही: 'अहो, मागणी-पुरवठा आहे. सोन्याचा भाव वाढला तर तुम्ही सोनाराला शिव्या घालता का?'

माझं उत्तर असं. बँडच्या तिकिटाला जी किंमत येते, ती सगळीच बँडने तयार केलेली नसते. गाणी त्यांनी लिहिली, मान्य. पण पंधरा वर्षं बँड अस्तित्वातच नसताना ती गाणी जिवंत कुणी ठेवली? लग्नात वाजवली, गाडीत लावली, पोरांना ऐकवली. ओएसिसच्या या दौऱ्याचे व्हिडिओ पाहा. पुढच्या रांगेत ढसाढसा रडणारी कितीतरी मुलंमुली बँड फुटला तेव्हा बालवाडीत असतील. ती गाणी त्यांच्यापर्यंत आईबापांनी पोहोचवली. म्हणजे ज्या आठवणीच्या जोरावर तिकीट महाग झालं, ती आठवण आम्ही फुकट सांभाळली होती, आणि आता तीच आम्हाला चढ्या भावाने विकली जाते. सोन्याच्या बाबतीत असं होत नाही.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो, आणि फॅन म्हणून मला तो जास्त छळतो. बँड परत येतो म्हणजे नेमकं काय परत येतं?

ओएसिसचा दौरा ४ जुलै २०२५ ला कार्डिफला सुरू झाला. नोव्हेंबरपर्यंत जगभर एकेचाळीस कार्यक्रम. रोज जवळपास तीच गाणी, त्याच क्रमाने. नवीन गाणं एकही नाही. बहुतेक सगळी गाणी नव्वदच्या दशकातली. मी फोनवर रात्री एक वाजेपर्यंत जागून कार्डिफचे तुकडे पाहिले आणि दोघं भाऊ हातात हात घालून स्टेजवर आले तेव्हा घशात आवंढा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. आवाजही अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला लागला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विचार केला, तर हा जुन्या शाळेच्या मेळाव्यासारखा आनंद होता. भेट झाली, डोळे भरले, फोटो काढले. पुढे काय? काहीच नाही.

याच्या उलट एक उदाहरण त्याच सुमारास घडलं, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. द क्युअर नावाचा बँड. हे कधी फुटून एकत्र वगैरे आले नाहीत, पण २००८ नंतर त्यांचा नवा अल्बमच नव्हता. लोकांनी आशा सोडली होती. १ नोव्हेंबर २०२४ ला, सोळा वर्षांनी, त्यांनी 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' काढला. फक्त आठ गाणी. गायक रॉबर्ट स्मिथ तेव्हा पासष्ट वर्षांचा. गाणी कशावर? म्हातारपणावर, जवळची माणसं जाण्यावर, गेलेल्या थोरल्या भावावर. पहिलं गाणं सुरू होतं आणि तीन मिनिटं उलटली तरी माणूस गायलाच सुरुवात करत नाही. आजकाल पहिल्या दहा सेकंदांत ऐकणाऱ्याला पकडायची घाई असते, त्या काळात हे. मी तो अल्बम ऑफिसवरून परत येताना ट्रेनमध्ये ऐकला आणि माझं स्टेशन आलं तेव्हा उतरावंसं वाटेना. गेल्या वर्षीच वडील गेले होते. वीस वर्षांचा असताना जो बँड माझ्याशी बोलायचा, तोच आता पन्नाशीकडे चाललेल्या माझ्याशी, माझ्या आजच्या दुःखाबद्दल बोलत होता. हा अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांचा असा मान १९९२ नंतर पहिल्यांदाच.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. जुनी गाणी घेऊन परत आलेला बँड मला माझं विसावं वर्ष विकतो. नवीन गाणं घेऊन आलेला बँड सोबत म्हातारा झालेला असतो, आणि म्हणून आपल्या आजच्या वयाशी बोलू शकतो.

आबाचं पाहा. २००० साली त्यांना शंभर कार्यक्रमांसाठी एक अब्ज डॉलर देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले. मग २०२१ मध्ये चाळीस वर्षांनी नवा अल्बम काढला आणि लंडनमध्ये स्वतःच्या तरुण रूपांचा डिजिटल कार्यक्रम उभा केला. बीटल्सचं तर २०२३ मध्ये नवीन गाणं आलं, चौघांपैकी दोघं जिवंत नसताना. लेननने सत्तरच्या दशकात घरी पियानोवर गाऊन टेप केलेलं होतं. त्यातला आवाज पियानोपासून नीट वेगळा करायला इतकी वर्षं तंत्रज्ञानच नव्हतं. लिंकिन पार्कने २०१७ मध्ये चेस्टर बेनिंग्टन गेल्यावर सात वर्षांनी नवी गायिका घेतली आणि पहिल्या काही महिन्यांत नवा अल्बमही दिला. फॅनमध्ये त्यावरून दोन तट पडले. काहींना ते चेस्टरच्या आठवणीशी दगाबाजी वाटली. मला उलट वाटतं. नवी गाणी लिहून 'आता आम्ही हे आहोत' म्हणायला जास्त हिंमत लागते. नुसत्या जुन्या गाण्यांवर दौरा काढला असता तर तिकिटं तेवढीच खपली असती.

आता आपल्या दाराशी येऊ. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आले. १८, १९ आणि २१ तारखेला तीन कार्यक्रम. हा बँड तुटलेला नव्हता, नवा अल्बमही नुकताच आला होता. तक्रार तिकिटांची होती. २२ सप्टेंबर २०२४ ला विक्री सुरू झाली, कोटीभर लोक ऑनलाइन रांगेत लागले आणि थोड्याच वेळात सगळं संपलं. त्याच दिवशी दुसऱ्या वेबसाइटवर तीच तिकिटं काही पटींनी, काही तर लाखांत. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या अधिकाऱ्यांना बोलावलं, ईडीने पाच शहरांत छापे टाकले, काळाबाजारावर नियम करावेत म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारीत न्यायालयाने ती फेटाळली. कायदा करणं विधिमंडळाचं काम आहे, असा त्याचा सूर. बरोबरच आहे. मग चेंडू कुणाकडे गेला? तुम्ही-आम्ही निवडून दिलेल्यांकडे. तिथे तो अजून पडून आहे.

थेटरबाहेर 'दस का बीस' करणाऱ्या पोराला हवालदार कॉलर धरून न्यायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या पोराकडे फार तर पंधरा-वीस तिकिटं असायची. आज बसल्या जागी सॉफ्टवेअर लावून शेकडो तिकिटं उचलणाऱ्याची कॉलर कोणी धरायची, हे मात्र कुणाला माहीत नाही.

उपाय नाहीत असं नाही. २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात त्याच रॉबर्ट स्मिथने भाव मुद्दाम कमी ठेवले, काही तिकिटं तर वीस डॉलरला. वाढते दर लावू दिले नाहीत. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. जाता येत नसेल तर मूळ भावातच परत विकायचं, अशी अट घातली. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कायद्यामुळे तिथे ही अट चालली नाही, ते वेगळं. विक्रेत्या कंपनीचे वरखर्च काही ठिकाणी तिकिटापेक्षा जास्त झाले, तेव्हा याने ट्विटरवर कंपनीला इतकं धारेवर धरलं की तिने प्रत्येक तिकिटामागे पाच ते दहा डॉलर परत केले. एका माणसाने, फक्त लाज वाटली म्हणून. आणि ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने तिकीट पुन्हा विकायला कायद्यानेच बंदी आणणार.

मागणी-पुरवठावाल्यांचा एक मुद्दा इथे खराच आहे. तिकीट नुसतं स्वस्त ठेवलं तर मधला फरक दलाल खातो. म्हणून नुसता स्वस्तपणा पुरत नाही, पुनर्विक्रीवर लगाम लागतोच. दोन्ही एकत्र हवं.

अजून एक गोष्ट, आणि ती माझ्या मते सगळ्यात मोठी. ओएसिसला रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने पहिल्यांदा ऐकलं ते १९९३ च्या मे महिन्यात, ग्लासगोच्या किंग टट्स नावाच्या क्लबमध्ये. तिथे जेमतेम तीनशे माणसं मावतात. वेम्बली स्टेडियम भरणारा बँड त्या तीनशे माणसांच्या खोलीतून निघाला. अशा खोल्या ब्रिटनमध्ये झपाट्याने बंद पडतायत. म्हणून तिथल्या संसदीय समितीने सुचवलं की स्टेडियममधल्या मोठ्या कार्यक्रमांच्या प्रत्येक तिकिटामागे छोटी रक्कम काढून या लहान जागांना द्यावी. कोल्डप्लेने २०२५ च्या वेम्बली आणि हलच्या कार्यक्रमांतला आपला दहा टक्के वाटा असाच दिला.

आपल्याला ही गोष्ट खरं तर पटकन कळायला हवी. पुरुषोत्तम करंडक आणि गावोगावच्या एकांकिका स्पर्धा नसत्या, तर मराठी रंगभूमीला आणि मालिकांना माणसं कुठून मिळाली असती? रॉकसाठी मुंबईत धोबी तलावला रंगभवन होतं, तिथे इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, कॉलेजची पोरं उघड्यावर बसून आपल्याच शहरातले बँड ऐकायची. शांतता क्षेत्राच्या नियमांत ते बंद पडलं. हॉस्पिटलशेजारी आवाज नको, हे मान्यच. पण त्याच्या बदल्यात दुसरी जागा द्यायची कुणाला आठवण झाली नाही. आज स्टेडियम आहेत, रेसकोर्स आहे, मॉल आहेत. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात चार पोरांनी स्वतःची मराठी गाणी तीनशे लोकांसमोर वाजवायची म्हटलं, तर बार किंवा गणपतीचा मांडव याखेरीज जागा सांगा बघू.

म्हणून माझ्या मागण्या, अगदी साध्या. एक, विक्री सुरू होण्याआधी प्रत्येक दर्जाचे सगळे दर आणि किती तिकिटं विक्रीला आहेत, हे जाहीर करणं बंधनकारक करा. दोन, मूळ भावापेक्षा जास्तीने पुनर्विक्रीला बंदी, आणि ज्याला जाता येत नाही त्याच्यासाठी अधिकृत परतीची सोय. तीन, मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटातला थोडा वाटा लहान सभागृहांसाठी. नाट्यगृहं महापालिकांचीच आहेत. महिन्यातून दोन संध्याकाळी स्थानिक बँडना परवडणाऱ्या भाड्यात द्या. एवढ्याने कुठल्याही महापालिकेची तिजोरी रिकामी होणार नाही.

आणि फॅन म्हणून आपण काय करायचं? परत आलेल्या बँडला जरूर जा, परवडत असेल तर. रडा, ओरडा, सगळं करा. पण पैसे भरायच्या आधी एक प्रश्न विचारा: यांच्याकडे नवीन गाणं आहे का? नसेल, तर तुम्ही तुमच्याच जुन्या कॅसेटचं तिकीट काढताय, हे माहीत असू द्या. आणि त्या पैशातला दहावा भाग बाजूला ठेवून तुमच्या शहरातल्या, ज्यांचं नाव अजून कुणाला माहीत नाही अशा पोरांच्या कार्यक्रमाला जा. तीस वर्षांनी तेच परत येतील, तेव्हा तुमची मुलं रांगेत असतील.

तुमच्या गावात अशी एखादी जागा असेल, किंवा होती आणि बंद पडली असेल, तर खाली नक्की लिहा. यादी करूया. नगरसेवकाला भेटायला जाताना हातात कागद असलेला बरा.